ट्रॉलीचे फाळके वाढविण्यापूर्वी

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि या परिसरात लोखंडकामाचे कसबही रुजले. त्यामुळे धान खरेदी केंद्रावर नेण्याचे दिवस आले, की आपले काही शेतकरी ग्राहक अंगणातच ट्रॅक्टर-ट्रॉलीचे फाळके वेल्डिंग करून उंच करतात. दोन खेपांचे काम एका खेपेत, हा त्यामागील हिशेब. परंतु फाळके वाढले, तरी एक्सल, टायर व हूक-पिन यांची क्षमता तीच राहते. उलट भार वर सरकल्याने वळणावर ट्रॉली कलंडण्याची भीती वाढते.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार ट्रॉली हेही मोटार वाहनच आहे. कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल परस्पर करता येत नाही. अशा ट्रॉलीला अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

घरी करण्याजोगी कामे निराळी आहेत : चाकांच्या बेअरिंगना ग्रीस देणे, टायरमधील हवा व नट-बोल्ट तपासणे, झिजलेली पिन बदलणे, गंजलेला पत्रा घासून रेड ऑक्साइड लावणे आणि मागील बाजूस लाल परावर्तक बसविणे. विमापत्रात ट्रॉलीचा उल्लेख आहे ना, हेही पाहावे. बदल अपरिहार्यच असेल, तर वेल्डिंगपूर्वी परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी व कर्ज देणाऱ्या शाखेस लेखी कळवावे.