उतारवयातील हालचाल आणि मोठी दुखणी

सुर्ल्यासारख्या गावात वयस्क शेतकऱ्यापुढे व्यायामाचे नाव काढले की उत्तर ठरलेले असते, "जन्मभर नांगर धरला, आता व्यायाम कसला?" या बोलण्यात एक गैरसमज आहे. जन्मभराची मेहनत कणगीतल्या भातासारखी शरीरात साठून राहत नाही. शेत मुलांकडे सोपवून माणूस घरी बसला की काही आठवड्यांतच पायांतले बळ उतरू लागते.

याचा तापाशी काय संबंध, असे कोणी विचारील. न्यूमोनिया, कोविड, लेप्टो किंवा माकडताप असे मोठे दुखणे आले की अन्न जात नाही, आणि शरीर आपलेच स्नायू झिजवून प्रथिने मिळवते. मुळातच स्नायू कमी असले तर झुंज लवकर संपते. खोकून कफ बाहेर काढायलाही ताकद लागते. शिवाय रोज चालणाऱ्याची साखर व रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, आणि हे दोन विकार असले की संसर्ग अधिक जड जातो.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २०२० साली कोविड झालेल्या ४८,४४० प्रौढांची पाहणी झाली. आजाराआधीची दोन वर्षे जवळजवळ काहीच व्यायाम न करणाऱ्यांत मृत्यूचा संभव, आठवड्याला १५० मिनिटे किंवा अधिक व्यायाम करणाऱ्यांच्या मानाने, सुमारे अडीच पट आढळला. अशा पाहणीने कारण पक्के सिद्ध होत नाही. तरी दिशा स्पष्ट दिसते.

मात्र चालण्याने जंतू अडत नाहीत. लेप्टोचे जंतू उंदरांच्या व गुरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि जखमेतून अंगात शिरतात. म्हणून पायाला चीर असताना चिखलात उतरू नये, गमबूट घालावेत. माकडताप गोचिडीच्या चाव्याने होतो. सत्तरी तालुक्यात तो २०१५ साली आढळला. काजूच्या दिवसांत रानात जाताना अंगभर कपडे घालावेत व घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करावी. कोविड, फ्लू व न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारावे.

आता व्यायाम कोणता? आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतकाच वेग असावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी. भिंतीला धरून टाचा उचलाव्या. पावसात बांध निसरडे असतात, तेव्हा घरातच येरझारा घालाव्या. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ताप अंगात असताना मात्र व्यायाम नको, शेतकामही नको. "घाम गाळला की ताप उतरतो" ही समजूत घातक आहे. तापात विश्रांती, पेज व भरपूर पाणी घ्यावे. पण झेपेल तसे अंथरुणातून उठून बसावे व पाय हलवावे. एका अभ्यासात निरोगी वयस्क माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस कमी झाले. आजाऱ्याचे त्याहून अधिक झडते. म्हणून ताप गेल्यावर प्रथम घरात, मग अंगणात, मग वाटेवर असे चालणे हळूहळू वाढवावे. छातीत दुखले किंवा धाप लागली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियातही कधी कधी ताप चढत नाही. ती नुसती जेवेनाशी होतात, असंबद्ध बोलतात किंवा पडतात. "वय झाले" म्हणून हे सोडून देऊ नये. श्वास जोरात चालणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा.