दोन गोळ्यांची गाठ

नळीची त्रिज्या निम्मी केली तर तिच्यातून जाणारे पाणीही निम्मेच होईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दाब तोच ठेवला तर बारीक नळीतील संथ प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास हा नियम प्रयोगांनी शोधला. त्याला कुतूहल होते ते रक्ताच्या प्रवाहाचे!

शरीरातील बारीक धमन्यांनाही हा नियम ढोबळमानाने लागू पडतो. त्यांच्या भिंतींतील स्नायू आवळले की रक्तदाब चढतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे द्रव्य स्नायूंच्या पेशींवरील 'अल्फा ग्राहीं'वर जाऊन बसले की ते आवळतात. ग्राहींचे अल्फा आणि बीटा हे प्रकार अमेरिकेतील रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. डॉक्साझोसिन हे औषध अल्फा ग्राहींची जागा अडवते. मग स्नायू सैल पडतात, धमन्या रुंदावतात आणि दाब उतरतो.

आता मूत्रपिंडाच्या क्षयाकडे वळू. फुप्फुसातील क्षयजंतू रक्तावाटे मूत्रपिंडात पोचतात आणि तेथे कित्येक वर्षे निपचित राहू शकतात. पुढे वाढू लागले की ते मूत्रपिंड पोखरतात. रक्तदाबाच्या नियंत्रणात मूत्रपिंडाचाही वाटा असल्याने काही रोग्यांचा दाबही वाढतो. अशा रोग्याला दोन्ही रोगांची औषधे एकदम घ्यावी लागली, तर काय होईल?

क्षयावरील रिफॅम्पिसिनमुळे यकृतातील काही विकरांचे प्रमाण वाढते. डॉक्साझोसिनचे विघटन मुख्यतः ज्या विकरामुळे होते, ते त्यांपैकीच एक आहे. त्यामुळे गोळी नेमाने घेऊनही रक्तातील औषध लवकर संपण्याचा आणि दाब पुन्हा चढण्याचा संभव असतो. डॉक्टर मग मात्रा वाढवतात. साधारण सहा महिन्यांनी क्षयाचे उपचार संपले की दोनेक आठवड्यांत विकराचे प्रमाण पूर्ववत होते. वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर दाब फार उतरतो आणि अंथरुणातून उठताना भोवळ येते.

म्हणून घरातील कोणी दोन डॉक्टरांकडे जात असेल, तर सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून दोघांनाही दाखवायला सांगा. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये. क्षयाचे औषध अर्धवट सोडले, तर जंतू त्याला दाद देईनासे होऊ शकतात.