पपनस खाण्यापूर्वी
शब्बाथच्या प्रार्थनेनंतर मी सहज विचारले, "कोलेस्टेरॉलवर काय खावे?" एक बहीण प्रेमाने म्हणाल्या, "रोज पपनस खा." मी सिम्वास्टॅटिनची गोळी घेते, हे सांगायचे मात्र मीच विसरले.

कुपत होलीमच्या फार्मासिस्टने मला थांबवले. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांमुळे ही गोळी आतड्यात नीट मोडत नाही, रक्तात तिचे प्रमाण वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. हा परिणाम दिवसाहून अधिक टिकतो, म्हणून फळ सकाळी आणि गोळी रात्री घेऊनही भागत नाही. गोड संत्रे चालते.

आपल्या माणसांना जरूर विचारा, पण आधी आपल्या गोळ्या सांगा. मिळालेला सल्ला फार्मासिस्टच्या कानावर घाला. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.