कंठ आणि कर्ण

मोठ्या कुटुंबांत बहुधा एखाद्या तरी वडीलधाऱ्या बाई अशा असतात कीं, त्यांच्याशीं सर्वजण मोठ्यानें बोलतात आणि पाठीमागें हळूच म्हणतात, "आत्याबाईंना सोयीचें तेवढें बरोबर ऐकूं येतें." त्यांचा आवाज घोगरा झालेला असतो, चेहरा किंचित् सुजलेला दिसतो, चैत्रांतही त्यांना शाल लागते, आणि एके काळीं चौघींचें काम एकटीनें उरकणाऱ्या या बाई आतां भाजी निवडतां निवडतां बसल्या जागीं पेंगतात. घरचीं माणसें याला वय म्हणतात. कोणी आळसही म्हणतात. एकाच ग्रंथीच्या मंदपणानें हीं सर्व लक्षणें, बहिरेपणासुद्धां, एकत्र येऊं शकतात, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनही पुरेशी ठाऊक नाहीं.

ही ग्रंथि म्हणजे गळ्याच्या पुढील भागीं श्वासनळीला बिलगून असलेली थायरॉइड, म्हणजेच अवटु. तिचा स्राव रक्तांत मिसळून शरीराच्या सर्व व्यापारांची गति राखतो. तो कमी पडला कीं, कातडीखालीं व आंतील त्वचेंत एक प्रकारचा फुगीरपणा येतो. घशापासून मधल्या कानाकडे जाणारी नळी त्यामुळें कोंदूं शकते. शिवाय अंतःकर्णाचें कामही मंदावतें. १८८८ सालीं लंडनच्या क्लिनिकल सोसायटीनें या रोगावर अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हांच सुमारें निम्म्या रोग्यांचें ऐकणें उणावल्याचें त्यांत नमूद झालें होतें. पुढें १८९१ मध्यें न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनीं मेंढ्याच्या ग्रंथीचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका रोगी बाईला बरें केलें. ती त्यानंतर २८ वर्षें जगली. आज त्या अर्काच्या जागीं थायरॉक्सिनची इवलीशी गोळी आहे. तिनें कित्येकांचें ऐकणें सुधारतें, कित्येकांचें सुधारत नाहीं. कारण उतारवयाचा बहिरेपणा त्यांत मिसळलेला असतो, व त्यावर या गोळीची मात्रा चालत नाहीं. तथापि रक्ताची एक साधी तपासणी केल्यावांचून आत्याबाईंच्या कानांवर वयाचा शिक्का मारणें हा अन्याय होय.

परंतु कंठ आणि कर्ण यांचें खरें नातें जन्मापूर्वींच जडतें. अंतःकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यांत सूक्ष्म केसाळ पेशींच्या ओळी असून त्यांवर एक पातळ पडदा असतो. ध्वनीनें या दोहोंत जी हालचाल होते, तिचाच संदेश मेंदूकडे जातो. ही नाजुक रचना गर्भांत घडत असतां थायरॉइडचा स्राव अवश्य असतो. गर्भाची स्वतःची ग्रंथि गर्भारपणाच्या मध्यापर्यंत पुरेसें काम करीत नाहीं. तोंवर सारा भार आईवर. आणि आईच्या अन्नांतच आयोडीन नसेल, तर तो स्राव व्हावा कशाचा? आल्प्स व हिमालय यांच्या दऱ्यांतून गलगंडाच्या जोडीला मूकबधिर मुलें पिढ्यान्‌पिढ्या जन्मत आलीं, तीं यामुळें. स्वित्झर्लंडांतील आपेन्झेल प्रांतांत १९२२ मध्यें मिठांत आयोडीन मिसळण्यास आरंभ झाला. त्या देशांत पुढें अशीं मुलें जन्मण्याचें प्रमाण घटत गेलें. आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ पासून कांगडा खोऱ्यांत हाच प्रयोग करून गलगंड ओसरल्याचें दाखविलें. आज घरोघरीं येणाऱ्या मिठाच्या पुड्यावर जो आयोडीनचा उल्लेख असतो, त्याच्या मागें हा इतिहास आहे.

आतां या ग्रंथीचा उलट विकार घेऊं. ती अनावर झाली कीं छाती धडधडते, हात कापतात, खाऊनपिऊनही माणूस वाळतें. तिला आवर घालणारीं औषधें १९४३ मध्यें अमेरिकेंतील ॲस्टवुड यांच्या कामानंतर प्रचारांत आलीं. कार्बिमाझोल, मेथिमाझोल व प्रोपिलथायोयुरॅसिल हीं त्यांतलीं आजचीं नांवें. १९७३ मध्यें देओल या शास्त्रज्ञांनीं गाभण उंदरिणींना यांतलें शेवटचें औषध दिलें, तेव्हां पिल्लें बहिरीं निपजलीं व कानांतील तो पातळ पडदाच विकृत झालेला आढळला. इतरांच्या प्रयोगांतून असेंही दिसलें कीं, पिल्लांना वेळींच थायरॉक्सिन दिल्यास श्रवण बरेंचसें वांचतें. कांहीं दिवसांची ती मुदत टळली कीं वांचत नाहीं.

हें वाचून कोणा घरांत सुनेला दिवस गेले असतां, "मूल बहिरें होईल" या भयानें तिच्या गोळ्या बंद केल्या जातील, अशी मला धास्ती वाटते. म्हणून येथें थोडें थांबतों. त्या प्रयोगांत औषध मुद्दाम इतकें दिलें होतें कीं ग्रंथि जवळजवळ निकामी व्हावी. कानाचें नुकसान मुख्यतः स्रावाच्या अभावानें झालें. गर्भिणीला औषध देतांना वैद्याचा कटाक्ष नेमका याच्या उलट असतो: कमींत कमी मात्रा, वरचेवर रक्ततपासणी, आणि स्राव थोडा वरच्या बाजूलाच राखणें. उलटपक्षीं रोग मोकळा सोडला तर गर्भपात, अकालीं प्रसूति व आईच्या हृदयावर ताण, हे धोके कल्पनेंतले नसून प्रत्यक्षांतले आहेत. कार्बिमाझोलनें गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत क्वचित् व्यंगें उद्भवतात, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत बहुधा प्रोपिलथायोयुरॅसिल पसंत करतात. पण तें क्वचित् यकृताला बाधतें. हा बदल सासूबाईंनीं किंवा औषधांच्या दुकानदारानें करण्याजोगा नव्हे. दिवस राहिल्याची शंका येतांच, आणि होतां होईल तों त्यापूर्वींच, वैद्याला सांगावें.

मोठ्या माणसांतही या औषधांमुळें कान बिघडल्याच्या तुरळक नोंदी आहेत. विशेषतः प्रोपिलथायोयुरॅसिलनें कधीं कधीं शरीराची रक्षणशक्ति स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते, आणि त्या दाहांत अंतःकर्णही सांपडतो. अशा वेळीं ऐकणें थोड्याच दिवसांत खालावतें. असें झालें, किंवा औषध चालू असतां ताप येऊन घसा दुखूं लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें.

गलगंड व बहिरेपणा एकाच घरांत दिसले, तरी प्रत्येक वेळीं दोष मिठाचा किंवा औषधाचा नसतो. १८९६ मध्यें इंग्लंडांत व्हॉन पेन्ड्रेड यांनीं दोन मूकबधिर बहिणी पाहिल्या. दोघींनाही गलगंड होता. याला कारण असलेलें वंशसूत्र १९९७ मध्यें सांपडलें. आईबाप दोघे धडधाकट असूनही तें मुलांत उतरूं शकतें, तेव्हां सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्यांत अर्थ नाहीं. येथें थायरॉक्सिननें कान परत येत नाहींत. श्रवणयंत्र व वाचाशिक्षण यांचाच लवकर आधार घ्यावा लागतो.

जन्मतः ग्रंथि मंद असलेल्या मुलांची हकीकत वेगळी. टांचेच्या रक्तबिंदूवरून दोष ओळखून पहिल्या आठवड्यांतच गोळी सुरू झाली, तर बुद्धि बहुतांशीं वांचते. तरीही फ्रान्समधील अशा १२०२ तरुणांच्या २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत शेंकडा ९.५ जणांनीं ऐकण्यांत दोष असल्याचें सांगितलें. इतर लोकांत तें प्रमाण २.५ होतें. म्हणून गोळी वेळेवर चालू असली तरी अशा मुलाचे कान शाळेच्या वयापर्यंत पुनःपुन्हा तपासून घ्यावे. पहिली तपासणी तर तान्हें झोपेंत असतांही होते. कांहीं मिनिटें पुरतात, आणि त्याला टोंचावें लागत नाहीं.