दिल्लीचें धोरण आणि आपला सातबारा

त्र्यंबकेश्वर म्हटलें म्हणजे ब्रह्मगिरि, कुशावर्त आणि यात्रा एवढेंच बाहेरच्या लोकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तथापि या तालुक्यांतील पाड्यापाड्यांवरचीं कुटुंबें भात, नागली व वरई यांवर जगतात. केंद्रांत नवें सरकार आलें म्हणजे आपल्या शेतास त्याचा काय उपयोग, हा प्रश्न पारावर दर खेपेस निघतो.

९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळाचा शपथविधि झाला व दुसऱ्याच दिवशीं पंतप्रधानांनीं पहिली सही केली ती किसान सन्मान निधीच्या सतराव्या हप्त्याच्या कागदावर. ही योजना २०१९ सालीं निघाली. पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाकाठीं ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं द्यावयाचे असें तींत ठरलें. दोन हजारांची रक्कम मोठी नव्हे. पण आवणीच्या दिवसांत मजुरी चुकती करण्यास ती कामीं येते.

प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरांत गेली. त्या अनुभवावरून सांगावयाचें तें इतकेंच कीं, दिल्लीचें धोरण गांवांत शिरतें तें सातबाऱ्याच्या वाटेनें. योजनेची अट अशी कीं, १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीं जमीन अर्जदाराच्या नांवावर असली पाहिजे. मृत खातेदाराच्या वारसांस या तारखेची सवलत आहे. परंतु वारसाची नोंद दप्तरीं व्हावी लागते.

आपल्याकडे घोटाळा होतो तो येथेंच. एका पाड्यावरील वृद्ध खातेदार वारले. खात्यावर थोरल्या मुलाचें नांव 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलें. पुढें तिघे भाऊ विभक्त झाले, बांध पडले, चुली वेगळ्या झाल्या. कागद मात्र होता तसाच राहिला. योजना आली तेव्हां हप्ता थोरल्याच्याच घरीं गेला. धाकट्याची विधवा आपलें दोन एकरांचें खाचर स्वतः कसते, पण दप्तराच्या हिशेबीं ती शेतकरीच नव्हे! यांत थोरल्याची लबाडी नव्हती. नोंदीची कोणास आठवण राहिली नाहीं, इतकेंच. पुढें त्या थोरल्या दिरानेंच अर्ज देऊन तिचें नांव लावून घेतलें. तथापि गेलेले हप्ते गेलेच.

सबब वाचकांस विनंति कीं, हें काम लांबणीवर टाकूं नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणें वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावयाचें असतें. तलाठ्यासच आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफार नोंदवहींत नोंद होऊन हितसंबंधितांस नोटीस निघते व हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. २०२५ सालीं राज्य सरकारनें मृतांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्याकरितां 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. तींत जे सुटले असतील त्यांनीं पुढच्या मोहिमेची वाट पाहूं नये. 'ए. कु. मॅ.' हा शेरा असल्यास तो काढण्यास निराळा अर्ज द्यावा.

आवणीस हात घालण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला उतारा काढून वाचावा, आणि घरांतील कोणाचें नांव त्यांत राहून गेलें आहे तें पाहावें.