शांतिखान्याच्या आत

एखाद्या बाईने दवाखान्यात येऊन ‘माझं अंग खाली चाललंय’ असं सांगितलं, तर डॉक्टर बहुधा ताकदीच्या गोळ्या लिहून देईल. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये असे घोटाळे होत. रोहिंग्या भाषेत ‘गा-लामानी’ या शब्दाचा शब्दशः अर्थ अंग उतरणं असा काहीसा होतो. प्रत्यक्षात बाई सांगत असते की तिला जुलाब होताहेत. पाळीसाठी ‘हाइज’ असा सरळ शब्द आहे, पण बायका आपसात बोलताना ‘गुसोल’ म्हणतात, म्हणजे आंघोळ. आता एखाद्या संस्थेने आंघोळीच्या सोयीची पाहणी केली, तर उत्तरं कशाबद्दल येणार? आपल्याकडेही ‘कावळा शिवला’ हे परक्याने ऐकलं, तर तो आधी कावळाच शोधेल.

मदतीला आलेले बरेचसे कार्यकर्ते चितगावी बोलणारे होते. चितगावी आणि रोहिंग्या या भाषा जवळच्या आहेत, त्यामुळे सगळं कळतंय असं वाटत राहायचं आणि नेमकं तिथेच फसायला व्हायचं. ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स, बीबीसी मीडिया अ‍ॅक्शन आणि इंटरन्यूज या तीन संस्थांनी मिळून लोकांच्या शंका, अफवा आणि तक्रारी ऐकून त्या बाकीच्या संस्थांपर्यंत पोहोचवायचं काम उचललं. भाषांतरकारांनी रोहिंग्या, चितगावी, बंगाली, बर्मी आणि इंग्रजी अशा पाच भाषांची शब्दसूचीही तयार केली. ती कुणा एकाच्या कपाटात राहिली नाही, सगळ्यांना खुली झाली. छावणीतल्या सहकार्याचा हा सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात कमी बोलबाला झालेला नमुना.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातल्या लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या नाफ नदी आणि डोंगर ओलांडून आले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका आणि मुली. सुरुवातीच्या कुटुंबगणनेत साधारण दर सहा कुटुंबांमागे एक कुटुंब एकट्या आईच्या जिवावर चाललेलं आढळलं. उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत पुढे ३३ छावण्या उभ्या राहिल्या. कुटुपालोंगच्या टेकड्यांवर तर बांबू आणि ताडपत्रीचं एक शहरच वसलं.

एवढ्या गर्दीत मदत करायला आलेल्यांचीही गर्दी झाली. देखरेख बांगलादेश सरकारच्या निर्वासित आयुक्तांची. स्थलांतर संघटना (आयओएम) आणि निर्वासित उच्चायुक्तालय (यूएनएचसीआर) यांनी छावण्या वाटून घेतल्या. अन्न, पाणी, आरोग्य, निवारा अशा विषयांचे गट पडले आणि सगळ्यांचा मेळ घालायला एक समन्वय गट आला. ऐकायला कंटाळवाणं आहे, आणि बैठका असतातही कंटाळवाण्या. पण संडासाचं उदाहरण घ्या. तो बांधायचा एकाने, उपसायचा दुसऱ्याने, वाटेवर सौरदिवा लावायचा तिसऱ्याने. यातला एक जरी चुकला तरी रात्री तिकडे जायची बाईला भीती. मग ती दुपारनंतर पाणी पिणं कमी करते आणि दुखणं घेऊन चौथ्याच संस्थेच्या दवाखान्यात पोहोचते.

शिवाय निरोप द्यायचे ते ‘माझी’ला, म्हणजे वस्तीच्या मुखियाला. हा मुखिया बहुतेक ठिकाणी पुरुष. वाटप कधी, कुठे, काय मिळणार, हे बाईला शेवटी कळायचं. रोहिंग्या स्वयंसेविका झोपडी-झोपडी फिरू लागल्या, तेव्हा हे जरा बदललं.

सहकार्याचं फळ डोळ्यांना दिसलं ते चुलीपाशी. सुरुवातीला सरपणासाठी रोज जंगलात जावं लागे. डोंगर बोडके झाले, माती सुटली, पावसाळ्यात दरडी आल्या. त्या जंगलात रानटी हत्तींची जुनी वाट होती आणि एकट्या-दुकट्या बायका-मुलींना माणसांचीही भीती होती. घरात धूर होताच. २०१८ पासून स्वयंपाकाचा गॅस वाटायला सुरुवात झाली. पुढे आयओएम, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी हे एकाच कार्यक्रमात बांधलं: एकाने टाक्या आणि शेगड्या द्यायच्या, दुसऱ्याने उघड्या टेकड्यांवर पुन्हा झाडं लावायची, तिसऱ्याने उपजीविकेचं बघायचं. यूएनएचसीआरनेही आपल्या छावण्यांत गॅस दिला. रोहिंग्या कुटुंबांची सरपणाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचं पाहणीत दिसलं. गॅसची टाकी ही बाईच्या सुरक्षिततेची वस्तू असू शकते, हे कुठल्याही एका खात्याच्या तक्त्यात बसलं नसतं.

आणि मग ‘शांतिखाना’. बायकांसाठीच्या या केंद्रांत पुरुषांना प्रवेश नाही. शिवण-टिपण चालतं, समुपदेशन मिळतं, मार खाऊन आलेल्या बाईला दवाखान्याची किंवा वकिलाची वाट दाखवली जाते. शिवणाच्या निमित्ताने आलेलीला ‘तिथे कशाला गेली होतीस?’ असं कुणी विचारत नाही, ही त्यातली खरी युक्ती. रिझवी हसन, ख्वाजा फातमी आणि साद बेन मुस्तफा या वास्तुरचनाकारांनी छावण्यांत आणि आसपास उभारलेल्या सहा सामुदायिक वास्तूंना २०२२ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, त्यांत अशी स्त्रियांची केंद्रंही आहेत. काम करणाऱ्यांशी बोलत बोलत, बऱ्याच अंशी जागेवरच ती घडवली गेली. बाहेरून आडोसा, आत मोकळं अंगण. कुणी पाहील या धास्तीशिवाय डोक्यावरची ओढणी खाली घेता येईल, एवढी जागा.

पैसा मात्र आटतो आहे. २०२३ मध्ये माणशी महिन्याचं अन्नसाहाय्य १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ वर आलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा वाढवलं गेलं. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली, आणि त्याच सुमारास राखाइनमधल्या नव्या लढाईमुळे दीड लाखाच्या आसपास माणसं आणखी आली होती. कपातीच्या बैठकीत धान्य आणि दवाखाना आधी वाचवले जातात. समुपदेशन, शिवण, बायकांची बैठक या गोष्टी ‘नंतर बघू’ या रांगेत जातात.

छावणीत पक्कं बांधकाम करायला परवानगी नाही, म्हणून शांतिखानेही बांबूचेच. प्रक्रिया न केलेला बांबू भुंगा पोखरतो, दमट हवेत खांब थोड्याच वर्षांत पोकळ होतात आणि बदलावे लागतात. त्या बांबूचा खर्च कुणी उचलायचा, हा विषय पुन्हा त्याच कंटाळवाण्या बैठकीत निघतो.