कुत्रा गुबगुबीत झाला म्हणजे सुखी झाला का?

आपल्या वस्तीत पाळलेला कुत्रा एका हातचे खात नाही. सकाळी आजी चहात बुडवलेले बिस्कीट देते, शाळेतून आलेली मुले पोळीचा तुकडा टाकतात, रात्रीचा उरलेला भात त्याच्याच ताटलीत जातो. प्रत्येकाला वाटते, आपण थोडेच दिले. बेरीज कोणीच करत नाही. दाराशी बांधलेला कुत्रा मग वर्षभरात गोल होतो आणि शेजारी म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतो!"

या कौतुकाला आमचा विरोध आहे. आपल्या नंदुरबारकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड ठेवतो. अंगावर चरबी चढली की पत्र्याच्या घरात ते त्याला जड जाते, उष्माघाताने जीवही जाऊ शकतो. सांध्यांवर भार पडतो तो वेगळाच.

वजन योग्य आहे का, हे हाताने कळते. मूठ आवळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. कुत्र्याच्या फासळ्या तशा टोकदार लागल्या तर तो हडकुळा आहे. आता तळहात खाली करून मागची बाजू चाचपा. फासळ्या तशा लागल्या तर वजन ठीक. तळहाताच्या मांसल भागासारखे मऊ लागले, फासळ्या सापडतच नाहीत, तर तो जाड झाला आहे.

आता हिशेब. १५ किलोच्या, फारसे न पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६५० ते ८५० उष्मांक पुरतात. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २०० उष्मांक असतात, आणि दहा ग्लुकोज बिस्किटांत त्याहून जास्त! नसबंदी केलेल्या कुत्र्याला आणखी कमी लागते. म्हणून घरात एकच वाटी ठरवा, दोन वेळा तीच भरा, आणि मुलांना द्यायचे असेल ते त्या वाटीतूनच द्यायला सांगा. यात पैसा लागत नाही, उलट वाचतो.

नुसत्या भाकरीवर मात्र ठेवू नका. सोबत उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे चिकन किंवा शिजवलेली डाळ हवी. आपला झणझणीत रस्सा नको. त्यातला कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांचे रक्त बिघडवतो. शिजलेली हाडे फुटून आतडी फाडतात. चॉकलेट आणि द्राक्षे अजिबात नकोत.

सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या औषधोपचारासोबत जनावरांच्या उपचाराचीही सोय केल्याचे कोरले आहे. तेव्हा ही चर्चा आपल्या धम्माला परकी नाही.

जाड कुत्र्याचे जेवण एकदम तोडू नका. पाचवा हिस्सा कमी करा आणि फिरवणे वाढवा. त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग आपले वजन वजा करा. १५ किलोच्या कुत्र्याचे आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम उतरले की पुरे.

मांजराची गोष्ट वेगळी. ते मांसाहारी आहे, दूध-भातावर त्याचे भागत नाही, आणि मोठ्या मांजराला दुधाने जुलाबही होतात. जाड मांजराला उपाशी ठेवले तर दोन-तीन दिवसांतच यकृताला धोका होतो. त्याने खाणे सोडले, किंवा भरपूर खाऊनही जनावर वाळत चालले, तर पोटात जंत असू शकतात. तेव्हा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.